उस्तादाचं अक्षर

जाम गावच्या चौफुलीवर ढाब्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या प्रफुल्लला नागसेनचं पुस्तक कुणी दाखवलं नाही, असा दिवस जात नव्हता. नागसेन त्याचा शाळेतला जोडीदार. एका बाकावर दोघांची चित्रं सारखीच निघायची, निदान प्रफुल्लच्या मते. आता नागसेन मुंबईत राहून चित्रकथा लिहितो, चित्रंही स्वतःच काढतो, आणि ताज्या पुस्तकात त्यानं अख्खं जाम आणलं होतं. रूपरावांची चहाची टपरी, रूपरावांची मिशी, हायवेच्या मधोमध बसणारा काळा बैलसुद्धा. प्रफुल्ल तेवढा कुठल्याच पानावर नव्हता. हे कळण्याइतपत त्यानं पुस्तक सहज चाळलं होतं, दोन-तीनदा.

"माही मिशी पाहिली का?" रूपराव दिसेल त्या गिऱ्हाइकाला विचारत.

"मिशी ठीक आहे, काकाजी, पन हात पाहा. बोटं आहेत का भेंड्या?" प्रफुल्ल म्हणाला.

"तुले काहीच आवडलं नाई का रे?"

नुसती नावं ठेवली की लोक म्हणतात, जळतो. एखादी गोष्ट वाखाणायलाच हवी, फक्त ती नागसेनची नसावी. प्रफुल्लनं फुग्यातल्या संवादावर बोट टेकवलं. "हे अक्षर पाहा. हे उस्ताद मानसाचं काम. नागसेनच्या बापाले जमनार नाई. याच्याच जिवावर पुस्तक चालून राह्यलं."

हेच त्यानं आठवडाभर अख्ख्या चौफुलीला ऐकवलं.

हिंगणघाटला सत्कार होता, म्हणून नागसेनची गाडी जामला थांबली. रूपरावांना चहा उकळेपर्यंतही दम निघेना. "नागसेन, हा प्रफुल्ल म्हनते, तुहं पुस्तक त्या अक्षरवाल्याच्या जिवावर चालते. कोन आहे तो?"

"हाच की," नागसेन म्हणाला आणि त्यानं रस्त्यापलीकडच्या, प्रफुल्लनं रंगवलेल्या 'अन्नपूर्णा भोजनालय'च्या पाटीकडे बोट केलं. "याच्या पाट्यांचे फोटो काढले, अन एकेक अक्षर कॉम्प्युटरवर बसवलं."

प्रफुल्लनं आपलं अक्षर वीतभरापेक्षा लहान कधी पाहिलंच नव्हतं. टपरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मले न विचारता?"

"दिवाळीपासून फोन लावून राह्यलो होतो. उचलला का एकदा तरी?"

उचलला नव्हता. ते नाव दिसलं की प्रफुल्ल मोबाइल पालथा घालायचा. मोठेपणा ऐकवायला करत असेल, असं स्वतःला सांगायचा. पुस्तक छापून झालं, आणि त्यावर नाव लागलं एकट्या नागसेनचं.

"चुकलंच माहं. दुसरी आवृत्ती निघून राह्यली, त्यात तुहं नाव टाकतो."

"कव्हरवर."

"अबे, अक्षरवाल्याचं नाव आत असते. बारीक."

"मंग मुकंच पुस्तक काढ, बिनाअक्षराचं."

आपल्या मिशीची काळजी वाटून रूपराव मध्ये पडले. "टाक ना बाप्पा कव्हरवर! तुहं काय जाते?"

नागसेननं हात जोडले. प्रफुल्लनं पिशवीतून ब्रश काढला, आधी कव्हरवरच्या नागसेनच्या नावाशी बोट लावून माप घेतलं, मग तेच बोट एका पुठ्ठ्यावर ठेवलं. "मले तुह्याएवढंच पाहिजे. जास्त नाई."

लिहून झाल्यावर रूपरावांनी पुठ्ठा पुस्तकाला लावला. "अरे, हे तं दीडपट झालं!"

"ओलं आहे, काकाजी," प्रफुल्ल ब्रश पुसत म्हणाला. "वाळलं की बसते."