दिवाकर सर आणि लोखंडी कपाट

उद्या प्लांटच्या क्वार्टरला चुना मारायला माणसं येणार होती, म्हणून बाहेरच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून हलवायचं होतं. एवढीच गोष्ट. पण चारुलताचे यजमान दिवाकर शाळेत भौतिकी शिकवायचे, आणि त्यांच्या हाती आलेली कुठलीच गोष्ट एवढीशी राहत नसे.

"शेजारच्या केवलरामभाऊले हाक मारू का?" तिनं विचारलं. केवलराम प्लांटात मालगाडीचे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या शंटिंगच्या इंजिनावर होता.

"कावून? बल कुठं लावायचं ते समजलं म्हणजे झालं."

"मंग आतलं सामान तरी काढू."

"राहू दे."

सरांनी खांदा लावून जोर केला. कपाट जागचं हललं नाही; पायमोज्यांतले सरच फरशीवरून मागे घसरत दिवाणापर्यंत गेले.

"तुमी कपाटाले ढकलून राहिले, का कपाट तुमाले?"

"दोघंही. न्यूटनचा तिसरा नियम. माझ्या पायाखाली घर्षण कमी पडलं, बस."

सरांनी मोजे काढले. मग दोघांनी कपाट एकेका बाजूनं उचलून खाली पोतं सारलं, त्यावर साबणाचं पाणी ओतलं. सर एका बाजूनं ओढणार, चारुलता दुसऱ्या बाजूनं रेटणार. पहिला धक्का जड गेला. पुढे कपाट असं सुटलं की सर उलट्या पावलांनी पळू लागले.

"बस, बस!"

तिनं हात काढले. कपाट थांबलं नाही. साबणावर सरांचे पाय ठरेनात. ते मागे मागे जात कोपऱ्यात शिरले आणि कपाट दोन्ही भिंतींना टेकून त्यांच्यासमोर तिरपं उभं राहिलं.

चारुलता कपाटापाशी धावली. "लागलं का हो?"

"नाही. जागा आहे इथं."

हसू दाबायला तिला ओठ मुडपावे लागले. "मी तर सोडलं होतं. मंग थांबलं कावून नाही?"

"संवेग," कपाटामागून आवाज आला. "वस्तुमान गुणिले वेग. वेग थोडा होता, पण वस्तुमान... त्याले थांबवायले उलट बल लागते."

"ते तुमीच होते ना?"

"होतो."

तिनं मूठ धरून ओढून पाहिलं. पोतं मागेच राहिलं होतं, कपाटाचे पाय आता उघड्या फरशीवर होते. तेवढ्यात ट्यूशनच्या चार मुली वह्या घेऊन दारात.

"आंटी, सर कहाँ हैं?"

"अंदर हैं," चारुलता म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

"बैठो," कपाट बोललं. "आज संवेग पढ़ेंगे."

अर्धा तास शिकवणी चालली. स्टुलावर चढून चारुलतानं वरून चहा दिला, मग साड्या, पितळी डबे, सरांची पुस्तकं बाहेर काढली. केवलराम ड्यूटीवरून आला, तेव्हा रिकामं कपाट त्यानं एका हिसक्यात ओढलं.

"सर, हमारे यहाँ चलते डब्बे के आगे आदमी खड़ा नहीं करते," तो अदबीनं म्हणाला.

मुली गेल्यावर सरांनी हात लेंग्याला पुसले आणि हळूच विचारलं, "लय हसत होत्या का?"

चारुलता साड्यांच्या घड्या घालत होती. तिला खरं तेच सांगावंसं वाटलं.

"सुरुवातीले हसल्या. मंग लिहूनच राहिल्या होत्या, मान वर केली नाही एकीनं."

सरांनी पुस्तकं उचलली. ती परत लावताना ते गुणगुणत होते.