मंगळूच्या गाठी

गाठ तिथे नव्हती. चंद्रभागेने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं – चित्रातल्या खेचराच्या कानामागे, जिथे काळ्या दोऱ्याची वाटाण्याएवढी गाठ असायला हवी, तिथे नुसता खाकी रंग, सपाट, नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखा. दोन हजार चोवीसचा मार्च होता. गंगापूर रोडवरच्या एका लहानशा प्रकाशनातल्या सायलीने छपाईआधीची शेवटची पानं पाठवली होती, आणि संध्याकाळपर्यंत होकार मागितला होता.

होकार... पण पुस्तक तर दोघींचं.

देवळाली कॅम्पात आबांचं शिंप्याचं दुकान. जवानांचे गणवेश बेतून उरलेल्या चिंध्या आम्हा दोघी बहिणींच्या. ते त्रेसष्ट साल. मी, चंद्रभागा, दहा वर्षांची, झुंबर आठाची – जन्मापासून ऐकू न येणारी. गोष्ट मी रचायची, ती चिंध्यांची चित्रं टाचायची, आणि त्यातून कापडाचं एक पुस्तक झालं: तोफखान्यातलं मंगळू नावाचं खेचर तोफेला भिऊन पळतं, आवाज नसलेलं गाव शोधतं, आणि त्या गावात त्याला कुणी हाकच मारत नाही.

गाठी मात्र झुंबरने सगळ्या वर ठेवल्या होत्या, सुलट बाजूला. आबा चिडले होते. "गाठ आत घालावी गं, शिंप्याच्या पोरी ना तुम्ही? गिऱ्हाईक हसेल!" झुंबरने माझ्याकडे पाहिलं – नेहमीसारखं – आणि मी म्हणाले, "आबा, तो तोफेचा आवाज आहे. झुंबर म्हणते." आबांनी गाठी तशाच राहू दिल्या. मैदानात तोफा सुटल्या की दुकानाचा पत्रा थरथरायचा आणि झुंबर कापायच्या टेबलावर तळहात टेकून बसायची, हे त्यांनीही पाहिलं होतं.

चंद्रभागेने चहा टाकला. एकटीचा चहा नेहमी जास्तच होतो... नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, हाताचं माप अजून तेच. मग तिने सायलीला फोन लावला.

"आजी, त्या गाठी ना? मीच क्लीन केल्या. किती फ्रेश दिसतंय की नाही मंगळू?"

"दाढी करून आणल्यासारखा दिसतोय. परत घाल त्या. तोफेचा आवाज आहे तो, झुंबरने शिवलेला."

सायली हसली. "अहो, मुलांना छपाईची चूक वाटेल. मग असं करू, खाली एक ओळ टाकू – या गाठी म्हणजे तोफेचा आवाज, ऐकू न येणाऱ्या बहिणीने शिवलेला. सॉलिड होईल, आजी! लोक रडतील."

लोक रडतील. चंद्रभागेला ते आवडलंही, क्षणभर. ती हो म्हणाली, आणि ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून वणीला खंडेरावला फोन केला. खंडेराव झुंबरचा मुलगा. आई गेल्यावर तिच्या पेटीतलं ते कापडाचं पुस्तक त्यानेच आणून दिलं होतं.

"गाठी व्हय?" तो म्हणाला. "मावशी, आईच्या गोधड्यांना बी तशाच गाठी. वरच सोडायची सगळ्या. आम्ही पोरं बोंबलायचो, आई, लय टोचतंय गं! ती हसायची नुसती. कट्टाळा, दुसरं काय. तुम्ही कधी पांघरली नाय का आईची गोधडी?"

नाही. कधीच नाही.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली, चहावर साय धरेपर्यंत. झुंबरचा तळहात टेबलावर होता, हे खरं – पण तिने तोफेची खूण करून गाठीकडे बोट दाखवलं होतं का? छातीपाशी दोन मुठी आणून उघडायच्या, ही आमची तोफेची खूण... आठवत नाही. आठवतं ते माझं वाक्य. झुंबर म्हणते. शाळेत गुरुजींना, दारात शेजारणींना, आणि पुढे वणीची माणसं तिला पाहायला आली तेव्हाही – मुलगी काय म्हणते, असं त्यांनी मलाच विचारलं होतं. झुंबर खाली पाहत होती. मी म्हणाले, हो म्हणते... संसार चांगला झाला तिचा, सगळे म्हणतात. तिने काय म्हटलं असतं? कंटाळा आला असेल नुसता, तर तोही तिचाच होता ना – माझ्या गोष्टीत न बसणारा, तिच्या पोरांना टोचणारा, हसरा कंटाळा. आणि मला तो साठ वर्षांत कुणी दाखवला नाही, मी पाहिलाही नाही.

संध्याकाळी सायलीचा फोन आला. "आजी, ओळ फायनल ना?"

"गाठी ठेव," चंद्रभागा म्हणाली. "ओळ नको."

"का हो?"

"मला माहीत नाही त्या कशाच्या ते."

पुस्तक जूनमध्ये आलं, गाठींसकट, पहिल्या पानावर दोघींची नावं. सायली नंतर पुण्याला गेली, मोठ्या कंपनीत. दिवाळीला एक मेसेज येतो. खंडेरावने पुस्तक त्याच्या दुकानात गल्ल्यामागे लावलंय आणि वणीला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतो, आमच्या आईचं हाय. आबांना जाऊन तर चाळीस वर्षं होत आली. मला कधी कधी शाळांतून बोलावतात. मी मंगळूची गोष्ट वाचते, आणि एखादी मुलगी पानावर बोट ठेवून विचारतेच, आजी, हे काळं काळं काय आहे? माहीत नाही, मी म्हणते. मुलं एकमेकांकडे बघतात, बाई ओशाळं हसतात, आणि मला – एवढ्या माणसांत – झुंबर पहिल्यांदाच दूर उभी असल्यासारखी वाटते, माझी धाकटी नव्हे, कुणीतरी वेगळीच बाई... तिची ओळख करून घ्यायची राहिली आहे, आणि आता सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाही.