मावशींचे पहिले ‘नको’

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. बॅटरी दुपारीच मान टाकते, आवाज फाटला आहे. पण माझी मिजास अजून तशीच आहे, कारण पार्सलवाल्या मावशींच्या स्कूटरवर मी सहा वर्षे काढली आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपण फोटो काढू, गाणी ऐकवू. नशिबी आले पार्सलचे ॲप. काम आले की मी किणकिणतो आणि काचेवर दोन बटणे उमटतात, ‘घेते’ आणि ‘नको’. वीस सेकंदांत एक दाबायचे, मग मी रस्ता दाखवायचा. एकदा मी पायऱ्यांचा रस्ता दाखवला. मावशी म्हणाल्या, "अरे शहाण्या, स्कूटरला पाय आहेत का?" साऱ्या गल्ल्या त्यांना तोंडपाठ! एवढे डोके मी कुठल्याच यंत्रात पाहिले नाही.

एके दिवशी मावशी गोदामाबाहेर कामाची वाट पाहत असताना कॉलेजातल्या एक बाई फॉर्म घेऊन आल्या.

"कामात तुमच्या मनाचं किती चालतं? शून्य ते दहा."

"दहा लिहा! डोक्यावर साहेबच नाही."

"मग ‘नको’ शेवटचं कधी दाबलंत?"

मावशींनी मला उन्हात तिरके धरले. ‘घेते’च्या जागी स्क्रीनगार्ड घासून पांढरा पडला होता, ‘नको’च्या जागी कोरा करकरीत. त्यांचा चेहरा उतरला.

"नको म्हटलं की ॲप दुसऱ्या दिवशी कामाच्या चांगल्या वेळा देत नाही हो, उन्हातल्या देतं. दहा खोडा."

तेवढ्यात मी किणकिणलो. पार्सल लांबचे होते, आणि चार वाजता दवाखान्यात मावशींच्या वडिलांची, ऑपरेशननंतर डोळ्यांवर बांधलेली पट्टी सुटणार होती. ‘मी येते’ असा शब्द त्यांनी दिला होता. अंगठा सवयीने ‘घेते’कडे वळला, अडखळला, आणि मावशींनी ‘नको’ दाबले. मित्रांनो, मला त्यांचा फार अभिमान वाटला!

पट्टी सुटली. वडिलांनी डोळे किलकिले केले.

"आलीस? अगं, किती वाळलीस तू!"

मावशी हसल्या, रडल्याही.

दुसऱ्या दिवशी ॲपने खरेच भर दुपारची, रणरणत्या उन्हातली वेळ दिली. मावशींनी त्या बाईंना फोन लावला. "एक लिहा. पण तो एक माझा आहे."

मला जपा असे मी म्हणणार नाही, मी काय, आज ना उद्या बंद पडेन. तुमच्या दारी सामान आणणाऱ्या माणसाला मात्र जपा. आणि तो कधी ‘नको’ म्हणाला, तर रागावू नका. त्याचीही कोणीतरी वाट पाहत असते.