भरती लागली

इटालियन साहेबाने सुट्टीवर जाताना आपल्या स्वयंपाक्याला, दाऊदला, व्हेनिसला सोबत नेलं आणि स्वतः घरच्यांत रमून त्याला चार दिवस मोकळा सोडला. दाऊद आखातात, नोकरीच्या गावी अहमदीला परतला तेव्हा खोलीतले सगळे कोकणवाले शुक्रवारच्या जेवणाला त्याला घेरून बसले. कोणाला राजवाडे ऐकायचे होते, कोणाला गोऱ्या बायका.

"कसले डोंबलाचे राजवाडे!" दाऊद वैतागला. "चार दिवस तोंडातून शब्द नाही. बोलणार कोणाशी? शेवटच्या संध्याकाळी एका घराच्या पायरीवर बसलो होतो. बघता बघता पाणी चढलं, चपला भिजल्या. अगदी आपली दाभोळची खाडी! मी आपला उठलो आणि गावात देतो तशी हाळी दिली, भरती लागली, होड्या वर घ्या रे!"

सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. तिथे कोणी मान वळवूनही पाहिलं नव्हतं, हे मात्र दाऊदने गिळलं. बाहेर वारा खिडकीवर वाळू आपटत होता.

कोपऱ्यातले इसहाकचाचा तेवढे हसले नाहीत. कित्येक वर्षांत ते गावी गेले नव्हते. हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "मग? घेतल्या का रे कोणी?"