दवाखाना कसा आहे, ते कळवा

फिरोजाच्या गावात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची हिंमत कुणाची होत नाही. परदेशात असलेल्या माणसाला काळजीची बातमी कळवायची नाही, हा तो नियम. घरात कुणी तापाने फणफणलेलं असो की वादळात अर्धं छप्पर उडालेलं असो, तिकडून फोन आला की इकडून एकच उत्तर जातं, सगळं खैरियत. मुरुडहून एसटीने पाऊण तासावरचा त्रेचाळीस घरांचा मोहल्ला हा. त्यातल्या एक्केचाळीस घरांतला कुणी ना कुणी कतारला, कुवेतला, नाहीतर मस्कतला. आता एवढी माणसं रोज एवढं खोटं बोलतात म्हटलं तर गाव तुमच्या अंगावर येईल. गावाच्या मते याला खोटं म्हणत नाहीत, माया म्हणतात.

तर या फिरोजाच्या नवऱ्याच्या, अब्दुस्समदच्या, डाव्या पायाच्या अंगठ्यात माडाच्या झावळीचा हीर घुसला. जखम केवढी, तर हरभऱ्याच्या डाळीएवढी. पण माणसाला वीस वर्षांची शुगर. चार दिवसांत अंगठा सुजला, आठ दिवसांत पाणी धरलं. त्याला दुखतही नव्हतं, हेच वाईट. दुखत नाही म्हणून तो आपला पडवीत बसून सुपारी कातरायचा आणि फिरोजाने पायाचं नाव काढलं की म्हणायचा, "दवाखाना आहे ना गावात? नंबर लाव, जाऊन येतो."

दवाखाना होता, आणि दिसायला एकदम झकास होता. परदेशातल्या पोरांनी मिळून बांधलेला, तेच चालवतात. लादी अशी चकचकीत की तोंड दिसावं. पंखे पाच, बाकडी नवी, दारात चपलांसाठी कप्पे. फक्त डॉक्टर एक आणि नर्स एक, आणि येणारी गावं सात. डॉक्टर परेश दिवसाला पंचवीस नंबर बघायचे, कारण सव्विसावा बघायला घेतला की पुढच्या गावचा दवाखाना बुडायचा. पहाटे फजरची नमाज होते न होते तोच बायका पिशव्या घेऊन रांगेत, आणि सातच्या आत नंबर खलास. दवाखान्यात फोनही होता. तो वाजायचा छान.

फिरोजा तीनदा हात हलवत परत आली. एकदा सव्विसावी होती, एकदा एकतिसावी, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरच आले नव्हते. चौथ्यांदा नंबर लागला तेव्हा अब्दुस्समदला खांद्याचा आधार देत नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, पाय बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि नर्सला हाक मारली. नर्स सत्यवती पलीकडच्या कोळीवाड्यातली, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "भाभी, याला रोज ड्रेसिंग पायजे. आणि मी इथे सोमवार-गुरवारच हाय. बाकीच्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात. आठवड्यातून दोनदा करून ही जखम भरायची न्हाय."

"मग काय करू, बाई?"

"मी काय सांगू? मुरुडला न्या."

मुरुडला. बोलायला काय जातं. मुरुडच्या बाजारात गावाचा नियम न पाळणारं ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच, आणि अब्दुस्समदला रिक्षातून लंगडत उतरताना कुणी बघितलं की संध्याकाळच्या आत बातमी दोहाला कैसच्या कानावर गेलीच म्हणून समजा. कैस म्हणजे फिरोजाचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी अब्दुस्समद मोरीत पडला, मुरुडच्या कुणीतरी ते कैसला कळवलं, आणि पोरगा लागलेली नोकरी सोडून तिसऱ्या दिवशी दारात उभा. बापाला झालं होतं काय, तर नुसता मुका मार. पुढे दीड वर्षं तो घरी बसून होता. आताची नोकरी लागून जेमतेम तीन महिने झालेले. फिरोजाने ठरवून टाकलं होतं, या पायाच्या बाबतीत कैसला ताकास तूर लागू द्यायची नाही.

अशात एके दिवशी मोहल्ल्यातल्या सगळ्या फोनांवर एकदम निरोप आला. दोहाला पोरांची जी संस्था आहे, तिचा सेक्रेटरी उझैर बोलत होता. दवाखान्याची तपासणी करायची आहे, प्रत्येक घराने फॉर्म भरा. डॉक्टर वेळेवर येतात का, नंबर मिळतो का, नीट तपासतात का, ड्रेसिंग होतं का, फोन उचलतात का. "तुमच्या उत्तरांवर ठरेल," उझैर म्हणाला, "दुसरा डॉक्टर आणि रोजची नर्स ठेवायची, की दवाखाना चांगला चालला असेल तर यंदा शादीहॉल बांधून घ्यायचा." उंटावरून शेळ्या हाकायची या पोरांना सवयच आहे, पण यावेळी त्यांनी विचारलं होतं खरं, आणि मनापासून विचारलं होतं.

त्या सोमवारी ड्रेसिंग झाल्यावर डॉक्टर परेश फिरोजाला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, तो फॉर्म आलाय ना, त्यात खरं लिहा. माझं नाव खराब होईल, मी बघून घेईन. पण दुसरा डॉक्टर आला नाही तर मी एकटा या सात गावांना पुरणार नाही. आणि यांचा पाय तर बिलकूल थांबणार नाही. लिहाल ना?"

फिरोजाने मान हलवली. खरंच लिहायचं होतं तिला. घरी येताना ती मनात जुळवणी करतच आली.

संध्याकाळी तिची मुलगी झोया फोन घेऊन बसली. झोया मुरुडच्या कॉलेजात शिकते, लिहिण्यावाचण्याचं सगळं तिच्याकडे. तिने वाचलं, "नंबर वेळेवर मिळतो का?"

"लिही, मिळत नाही. तीन वेळा परत आले."

झोयाने लिहिलं. पुढचा प्रश्न वाचण्याआधी तिने फॉर्म वरखाली करून पाहिला आणि म्हणाली, "अम्मी, हे सगळं ग्रुपवर दिसतं. घराच्या नावासकट. पलीकडच्या खालांचं आलंय बघ, सगळं उत्तम."

ग्रुपवर म्हणजे कैसपुढे. नंबर मिळत नाही म्हटलं की कैस विचारणार, कुणासाठी हवा होता? ड्रेसिंग होत नाही म्हटलं की कुणाचं ड्रेसिंग? एका ओळीत पाय उघडा पडणार.

"पूस ते," ती म्हणाली.

"अम्मी, डॉक्टरांनी सांगितलंय ना? दुसरा डॉक्टर नको का अब्बांना?"

"बाकीचे लिहितील की. चाळीस घरं आहेत. आपल्या एकाने नाही लिहिलं तर काय होतंय?"

पडवीतून अब्दुस्समद ओरडला, "उत्तम लिही, झोया. पोरगा तिकडे एकटा आहे. उगाच जिवाला घोर नको लावू त्याच्या." झोयाने रागाने एकेक प्रश्नाला उत्तम, उत्तम, उत्तम असं ठोकलं आणि फोन आपटून उठून गेली.

आता त्या शेजारच्या खालांच्या घरात सून सातव्या महिन्यात होती आणि तिलाही दोनदा नंबर मिळाला नव्हता. त्यापलीकडे कुणाचा दमा, कुणाचा लकवा. प्रत्येक घराने असाच विचार केला, बाकीचे लिहितील. एक्केचाळीस घरांनी लिहिलं, उत्तम. खरं लिहिलं फक्त दोघांनी, ज्यांचं परदेशात कुणीच नव्हतं. त्यांना उझैरने हसून उत्तर पाठवलं, की तक्रार करायची सवयच असते काही लोकांना.

पंधरा दिवसांनी निकाल आला. एवढा चांगला दवाखाना आख्ख्या तालुक्यात नाही, असं म्हणत दोहाच्या बैठकीत शादीहॉल मंजूर झाला. हॉलच्या बाजूने हात वर केलेल्यांच्या फोटोत कैस पहिल्या रांगेत होता, गोरागोमटा, हसरा. फिरोजाने तो फोटो मोठा करून दहादा पाहिला. पोरगं जरा भरलंय, एवढंच काय ते तिला बरं वाटलं.

आणि शुक्रवारी नमाजानंतर काय झालं, तर मंडळींनी डॉक्टर परेश यांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषण. डॉक्टर खुर्चीत असे बसले होते जसं काही कुणी त्यांना दम दिलाय. शाल काढून मांडीवर ठेवली आणि बायकांच्या बाजूला एकदा बघितलं. फिरोजाने ओढणी पुढे ओढली. मंचावरून उतरून तिच्याजवळून जाताना ते हळूच म्हणाले, "तुम्हीसुद्धा, भाभी?" रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते थकलेले होते.

त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी गावाचा दवाखाना आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं म्हणे. कुणी बोलायचं आणि काय बोलायचं? कागदावर सगळं उत्तम होतं.

अंगठा काळा पडला, मग शेजारची दोन बोटं, मग एका सकाळी अब्दुस्समदला हुडहुडी भरली आणि तो आपल्या मेलेल्या भावाशी बोलायला लागला. तेव्हा कुठे फिरोजाने कुणी बघेल ही भीती गुंडाळून ठेवली. गाडी केली, अलिबाग गाठलं. तिथल्या सर्जनने पट्टी सोडली, वास आला तशी नाकावर मास्क चढवला आणि सरळ सांगितलं, "गुडघ्याखाली काढावा लागेल. आजच. महिनाभर आधी आणलं असतंत तर एका अंगठ्यावर भागलं असतं."

ऑपरेशनच्या कागदावर सही न करताच फिरोजा बाहेर जिन्यात आली. झोयाने मग तिला न विचारताच कैसला कळवलं. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. फिरोजा जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, तिने फोन कानाला लावला.

कैस आधी रडला. रडून झाल्यावर त्याचा आवाज बदलला. "अम्मी, मला एक सांग. गावात एवढा चांगला दवाखाना आहे. नंबर मिळतो, ड्रेसिंग होतं, डॉक्टर वेळेवर येतो. तू स्वतः लिहिलंस, मी वाचलंय. मग अब्बांना महिनाभर तिथे नेलं का नाहीस?"

फिरोजाने फोन दुसऱ्या कानाला लावला. काय सांगणार होती ती? तीनदा परत आले सांगितलं असतं तर पुढचं सगळंच निघालं असतं. एक्केचाळीस घरं निघाली असती, शादीहॉल निघाला असता, आणि त्या फोटोतला वर केलेला हात निघाला असता. मग हे पोर दोहात एकट्या खोलीत जन्मभर त्या हाताकडे बघत बसलं असतं. कधी नव्हे इतका राग तिला स्वतःचा आला, आणि त्या रागाचंही काही करता येईना.

"बोल ना, अम्मी. कंटाळा केलास का?"

"हो बेटा," ती म्हणाली. "मीच लक्ष दिलं नाही."

मग कैस म्हणाला, "अब्बांचा पाय तू घालवलास, अम्मी," आणि त्याने फोन ठेवला.

झोया समोरच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. ती तोंड उघडणार तोच फिरोजाने तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "त्याला काही सांगशील तर माझी कसम आहे." मग तिने पेन मागितलं आणि जिथे दाखवलं तिथे सही केली.