हिप्परग्याची मल्लम्मा

“न्हाय म्हणतंय, ताई. तुम्ही परत एकदा टाकून बघा,” असं म्हणून शिवपुत्र सरांनी लॅपटॉप महादेवीकडं वळवला.

महादेवीनं पुन्हा ‘मल्लम्मा’ टाईप केलं. ‘सापडलेले’ नावाच्या यादीत चारशे अकरा ओळी होत्या. मशीननं क्षणभरात त्या सगळ्या चाळल्या आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं.

टेबलासमोर नागप्पा उभे होते. सत्तरीपार वय, पांढरं धोतर, कपाळावर घामानं ओघळलेला भंडारा. हातात बायकांच्या चपलांचा एक जोड होता. सकाळी साडेनऊला दर्शनाच्या रांगेत बायकोचा, मल्लम्माचा हात सुटला, तेव्हापासून ते नळदुर्गच्या त्या गर्दीत फिरत होते. आता अडीच वाजले होते.

“बर्री अज्जा, कूडरी,” महादेवी म्हणाली आणि तिनं खुर्ची पुढं केली.

आपल्या कन्नड बोलीतलं ‘या आजोबा, बसा’ ऐकल्यावर म्हातारा पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघू लागला. पण बसला नाही.

पौष पौर्णिमेची खंडोबाची यात्रा होती. नळदुर्गात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि निम्मी गर्दी सीमेपलीकडून आलेली. पोलिसांच्या मदतीला कॉलेजनं मंडप घालून हरवलेल्या-सापडलेल्या माणसांचं केंद्र उघडलं होतं. तीन चौक्यांवर स्वयंसेवक वहीत नोंदी करत, तासातासाला त्या वह्या केंद्रावर येत आणि महादेवी त्या लॅपटॉपवर चढवत असे. टाईप करायला म्हणूनच तिला इथं आणलं होतं. एरवी ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अटेंडंट होती. सकाळी मशीन चालू करायची, धूळ पुसायची, हजेरीचं रजिस्टर फिरवायचं, संध्याकाळी मशीन बंद करायची. अकरा वर्षं झाली होती.

“लई इसरती वो ती,” नागप्पा मोडक्या मराठीत सांगत होते. “घराचा रस्ता इसरती. माजं नाव बी कदी कदी इसरती. मराठी येत न्हाय तिला. बीपीची गोळी माज्याजवळ हाय.” त्यांनी बंडीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं.

मंडपाच्या दाराशी उभे असलेले लिंबाजी हवालदार म्हणाले, “वायरलेसवर दोनदा सांगितलं मी. पर हिरवं इरकल नेसलेली म्हातारी म्हटलं, तर इथं हजार असतील.”

शिवपुत्र सर तरुण होते. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागून त्यांना दोनच वर्षं झाली होती. त्यांनी कपाळ चोळलं. “स्पेलिंग थोडं जरी चुकलं असलं तरी हे सर्च दाखवणार न्हाय. मिळतीजुळती नावं शोधायचं एक पॅकेज असतं. ते उतरवून घेतलं तर होईल.” त्यांनी मोबाईल लॅपटॉपला जोडला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. एवढ्या माणसांत टॉवरनं सकाळीच मान टाकली होती.

महादेवीच्या ओठांवर एक वाक्य आलं आणि तिथंच थांबलं.

ते का थांबलं, त्याला कारण होतं. बारावी सायन्स करून तिचं लग्न झालं होतं. लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तिथं सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळत होतं. इंटरनेट कधी असायचं, कधी नसायचं. दुपारी लॅब रिकामी असली की ती एका मशीनसमोर बसून त्यातच भरलेली माहितीची पानं वाचायची. पायथन या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेबरोबर एक लायब्ररी आपोआप येते, स्टँडर्ड लायब्ररी. तारखा मोजायला, फायली वाचायला, शब्द ताडून बघायला, लोकांना रोज लागणाऱ्या कामांसाठी कुणी कुणी लिहून ठेवलेले तयार भाग. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. इंग्रजी अडखळत वाचून ती एकेका भागाचा अर्थ मराठीत वहीत उतरवून ठेवी. अशा तीन वह्या भरल्या होत्या. एकदा, चार-पाच वर्षांपूर्वी, प्रॅक्टिकलला अडलेल्या एका मुलीला तिनं दोन ओळी सांगितल्या. तेव्हाच्या सरांनी ते ऐकलं आणि वर्गासमोर म्हणाले, “बाई, तुमचं काम मशीन चालू-बंद करायचं.” ते सर बदलून गेले. पण त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

नागप्पा अजून उभेच होते.

“सर,” ती म्हणाली, “उतरवायला नको. सोबत आलेल्यात एक आहे. डिफलिब.”

शिवपुत्र सरांनी वर बघितलं. “तुम्हाला येतं?”

“वाचलंय. दोन शब्द किती सारखे आहेत ते आकड्यात सांगतं. करून बघू का?”

सरांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि ती लॅपटॉपसमोर बसली.

तिची एकही ओळ चुकली नाही. वाचलेलं सगळं बोटांत होतं. आधी लायब्ररीतला तो भाग मागवला, मग यादीची फाईल उघडली, मग नाव दिलं. तीन नावं आली. एक मल्लिका, वय वर्षं चार. एक मल्लप्पा. एक मल्हार, वय नऊ.

“न्हाय,” सर हळूच म्हणाले.

“थांबा. साठ टक्क्यांच्या खालचं ते सोडून देतं. मी चाळीसवर आणते.”

आता भाराभर नावं आली. लक्ष्मीबाईही आली, मालनही आली. कुणाला कुठं शोधायचं? लिंबाजी हवालदार मागून डोकावले आणि परत दाराशी गेले. महादेवीनं डोळे मिटले. तिचं माहेर सीमेवरचंच. तिची आई तिला महादेवी म्हणे, आजी माद्देवी आणि शाळेतले गुरुजी महादेवबाई. नावाचं असंच होतं. सांगणारा एक सांगतो, ऐकणारा दुसरं ऐकतो आणि लिहिणारा तिसरंच लिहितो. पण हरवलेल्या माणसाला लोक आधी काय विचारतात? गाव विचारतात. पुन्हा पुन्हा विचारतात.

“अज्जा, गाव कोणतं म्हणालात?”

“मादन हिप्परगा. आळंद तालुका.”

तिनं चाळीसचे परत साठ केले आणि नावाच्या जागी गाव शोधायला सांगितलं. दोन ओळी आल्या. पहिली सहा वर्षांच्या मुलाची, त्याला आई सकाळीच घेऊन गेली होती. दुसरी ओळ अशी होती: मालवा, स्त्री, अंदाजे साठ, गाव हिपरगा (लोहारा), पायात चपला नाहीत, उजव्या हातावर महादेवाची पिंड गोंदलेली. शेरा: गावच्या टेंपोत बसवून रवाना, दुपारी बारा चाळीस.

महादेवीनं पडद्यावर बोट ठेवलं. ही ओळ तिनं स्वतः, दीड-दोन तासांपूर्वी, याच हातांनी टाईप केली होती.

“अज्जा, आजीच्या उजव्या हातावर काय गोंदलंय?”

“लिंग,” नागप्पा म्हणाले, आणि टेबल धरून हळूच खुर्चीवर बसले.

हिप्परगा नावाची गावं दोन होती. एक कर्नाटकातलं आणि एक आपल्याच जिल्ह्यात, लोहाऱ्याकडं. चौकीवरच्या कुणा भल्या माणसानं म्हातारीच्या तोंडचं गाव ऐकलं आणि नेमका त्या बाजूला निघालेला टेंपो मिळाल्यावर तिला कौतुकानं वर बसवून दिलं. सांगितलं असतं तर ती कुठंही गेली असती. नको म्हणायला तिच्याजवळ भाषा नव्हती.

लिंबाजी हवालदारांनी वायरलेस तोंडाशी धरला. लोहाऱ्याला निरोप गेला, लोहाऱ्याहून कुणी हिपरग्याला फोन केला, तो लवकर लागेना. या सगळ्यात पाऊण तास गेला. परक्या गावात उतरून ती कुठंतरी चालू लागली असली तर? चारी बाजूंनी उसाचे फड, आणि पौषातला दिवस बघता बघता मावळतो. महादेवी वहीतल्या नवीन नोंदी टाईप करत राहिली. मात्र आता प्रत्येक गाव ती दोनदा वाचत होती.

मग वायरलेस खरखरला. लिंबाजींनी कान लावून ऐकलं, एकदा “बरं” म्हणाले, दुसऱ्यांदा “बरं बरं” म्हणाले आणि नागप्पांकडं वळले.

“हाय तुमची म्हातारी. टेंपोवाला घरोघर दाखवत फिरला, कुणीच वळखंना. मग त्याच्या आईनं ठेवून घेतली घरात. भाकरी खाल्ली म्हणं. आता शेंगा फोडत बसलीय. टेंपो घेऊन येतोय तो.”

नागप्पांनी गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग उपरण्यानं सगळं तोंड पुसलं, आणि बराच वेळ उपरणं तोंडावरच धरून बसले. महादेवीनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. आणि एकाएकी तिला भूक लागली. सकाळचा डबा तसाच पडला होता.

शिवपुत्र सर तिच्या ओळी वर-खाली करून वाचत होते. “ताई, हे कधी शिकलात?”

“दुपारी,” ती म्हणाली. “लॅब रिकामी असती ना दुपारी.”

सरांनी शेवटची ओळ परत एकदा वाचली. “हरवलेल्यांची यादी बी अशीच लावता येईल का सापडलेल्यांशी? सगळी एकदम?”

“येईल.”

“मग लावा. वह्या मी टाईप करतो.”

आणि ते खरोखरच वह्यांचा गठ्ठा आपल्याकडं ओढून टाईप करायला बसले. पाच वाजेपर्यंत आणखी अकरा माणसांच्या ओळी एकमेकींना जुळल्या. त्यातल्या दोन चुकीच्या निघाल्या, नऊ बरोबर.

टेंपो आला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. मल्लम्मा मागच्या फळीवरून टेंपोवाल्याच्या हाताला धरून उतरली. ठेंगणी, सुरकुतलेली, हिरवं इरकल, ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. नागप्पा तिच्यापुढं जाऊन वाकले आणि त्यांनी चपला तिच्या पायांशी ठेवल्या. तिनं त्या घातल्या, नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ठसक्यात म्हणाली, “यल्लि होगिद्री?”

कुठं गेला होतात, असं ती त्यांनाच विचारत होती. महादेवीला हसू आवरेना. लिंबाजींना कन्नड येत नव्हतं, तेही हसले.

आळंदकडं जाणारी शेवटची एसटी साडेपाचला होती. महादेवी त्या दोघांना स्टँडपर्यंत पोचवायला गेली, कंडक्टरला सांगून जागा मिळवून दिली आणि गोळी आपल्यादेखत घ्यायला लावली. नागप्पा खिडकीशी टेकले आणि गाडी सुरू व्हायच्या आतच झोपी गेले, दिवसभर उन्हात चाललेला माणूस झोपतो तसे. महादेवी खाली उभी होती. गाडी हलली. रस्ता खड्ड्यांचा होता. मल्लम्मा टक्क जागी होती, आणि नवऱ्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटू नये म्हणून तिनं आपला गोंदलेला हात मध्ये घातला होता.