खालच्या टाकीचा डावा कोपरा

जिगसॉ करवतीचं मशीन घरघरत पुढे सरकत होतं आणि त्याच्या मागे कापलेली फट पुन्हा जुळून येत होती. अ‍ॅक्रिलिकच ते, पातं जोरात चाललं की तापतं, वितळतं आणि मागच्या मागे पुन्हा चिकटतं. जावयाने मशीन बंद केलं, वाकून पाहिलं आणि इतका वेळ आपण काहीच कापलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

"जावईबापू, जरा दमानं," खुर्चीतून मास्तर म्हणाले. "मशीन पळतंय म्हणून आपण पळायचं नसतं."

"बाबा, हे तुमचं शिलाई मशीन नाही."

"तेच सांगतोय. ते निदान उसवता तरी येतं."

मास्तर म्हणजे जावयाचे सासरे. पंचेचाळीस वर्षं कपडे शिवले आणि मग दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. समोर बाल्कनीत पडलेली टाकी कुणाची तरी हौस फिटल्यावर विकलेली होती. मोठ्या मत्स्यपेटीच्या खाली, कपाटात बसणारी, वरचं पाणी गाळून परत वर पाठवणारी. दुकानदार तिला सम्प म्हणत, घरात सगळे खालची टाकी म्हणत. आधीच्या मालकाने आतले पडदे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या, स्वतःच्या सोयीने लावले होते. त्यातला एक काढायचा, दोन नवे बसवायचे आणि बाजूला पाइपसाठी भोक पाडायचं, एवढंच काम. तोवर पंधरा मासे निळ्या टबात, टब न्हाणीघरात, आणि घरातली तीन माणसं आठ दिवस तिरकी उभी राहून अंघोळ करत होती.

मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले, त्याला दोन महिने झाले. आता डोळे लख्ख होते आणि सोमवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलेलं होतं. लेक रोज म्हणे, राहा. पण कारण नसताना लेकीच्या घरी ठाण मांडून बसणं मास्तरांना पटत नसे. माणूस कामाचा असला तर घरचा, नाहीतर पाहुणा, असा त्यांचा हिशेब. जायला मात्र त्यांचं मन मुळीच घेत नव्हतं. तिकडे रिकाम्या घरात सकाळी कडी काढून दारात बसायचं आणि संध्याकाळी पुन्हा कडी लावायची, एवढाच उद्योग उरला होता. हे ते कुणाला बोलले नव्हते. दोन महिन्यांत त्यांनी या घरातला साधा खिळासुद्धा हलवला नव्हता.

जावयाने बारीक दातांचं पातं लावलं, वेग कमी केला, आणि जुना पडदा तासाभरात सुटून आला. मग नव्या पडद्यांची मापं घ्यायची वेळ आली. त्याने एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा वेगळं आलं.

"अहो, द्या इकडे," मास्तरांना राहवलं नाही. ते चक्क उठले. खिशातून कापडी टेप काढला, टाकीत हात घालून आतली रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजली आणि नव्या अ‍ॅक्रिलिक शीटला चिकटवलेल्या कागदावर खडूने सरळ रेषा ओढल्या. जावयाने रेषेबरहुकूम दोन्ही पडदे कापले.

पडदे टाकीत जाईनात. आडवे, तिरके, कसेही घाला, दोन्हीकडून बोटभर जास्त.

मास्तरांनी टेप काढून रेषा पुन्हा मोजल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"शिलाईसाठी सोडलं हो मी! दोन्ही बाजूंनी!"

जावई हसू दाबायला गेला आणि खोकला. आतून लेक धावत आली, काय झालं ते ऐकून दाराला धरून हसायला लागली, आणि मग मास्तरही असे हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

"हसा. पण कमी सोडलं असतं तर नवी शीट आणावी लागली असती. जास्तीचं कापता येतं," ते म्हणाले.

जावयाने दोन्हीकडची जास्तीची पट्टी कापून दिली आणि शनिवारची दुपार मास्तरांनी कानस घेऊन काढली. पडद्याची कड घासायची, टाकीत घालून बघायची, पुन्हा घासायची. शेवटी पडदा असा बसला की मध्ये कागद सरकेना. जावयाने सिरिंजने सांध्यात चिकटवायचं पातळ रसायन सोडलं आणि ते आपोआप फटीतून पळत गेलं. ते पाहून मास्तरांना बेहद्द आनंद झाला. भोक पाडताना त्यांनी मागून लाकडी फळी घट्ट धरली, जावयाने ड्रिल हळू चालवलं, कुठे चीर गेली नाही. चहा दोनदा थंड झाला.

सांधे पूर्ण दिवस वाळायचे होते. रविवारी संध्याकाळी टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, भोकात बूच घट्ट बसवलं आणि बादलीने पाणी भरलं. एक तास कुणी टाकीपासून हललं नाही. मग जावई टॉर्च घेऊन पालथा झोपला आणि चारही बाजू बघून आला. टाकी गळू नये असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. आपल्या हातची शेवटची वस्तू फुकट जायला नको.

"बाबा," जावई म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हा डावा कोपरा मला पाझरतोय असं वाटतंय. सगळा सोडवून परत करावा लागेल. आणि कड घासणं मला काही तुमच्यासारखं जमायचं नाही."

मास्तर गुडघ्यावर बसले. नव्या डोळ्यांना वर्तमानपत्रातलं बारीकातलं बारीक अक्षर दिसत होतं. कागद कडक होता. त्यांनी डाव्या कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, खालच्या सांध्यात दाबून पाहिलं. मग जावयाकडे बघितलं. जावई टॉर्चचं बटण उगाचच चालू-बंद करत होता.

"काय म्हणते टाकी?" दारातून लेकीने विचारलं. "गळतेय का?"

मास्तरांनी ते कोरडं बोट फडक्याला नीट, दोनदा पुसलं.

"गळतेय," ते म्हणाले. "उद्याचं तिकीट रद्द कर."